शरणागतीनंतरचे सहा महिने

गोव्यातल्या मुळगावच्या एका बाजूला अस्नोडा, दुसऱ्या बाजूला डिचोली. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे माघार घेताना पोर्तुगीजांनी या दोन्ही ठिकाणचे पूल उडवले. तरी भारतीय लष्कराचे ब्रिगेडियर सगतसिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाकडून उतरली ती थांबली नाही. मराठा पलटण फोंड्याला पोचली, शीख पलटण बेतीला. १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली.

मुक्तिदिन आपण साजरा करतो तो इथपर्यंतच. मला मात्र पुढचं काम तितकंच मोलाचं वाटतं. राज्यकर्ते गेले, नवे अजून आले नव्हते. मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले. शस्त्रं ताब्यात घ्यायची, तुटलेले रस्ते जोडायचे, गावोगाव शांतता राखायची, हे सगळं सैनिकांवर आलं. शिवाय तीन हजारांवर युद्धकैदी! त्यांचं जेवणखाण, औषधपाणी, पहारा, सगळं आलंच. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने लिस्बनहून शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. तो न पाळणारे हे सैनिक त्याला नकोसे झाले. त्यांची परतपाठवणी १९६२ च्या मेपर्यंत रेंगाळली.

जूनमध्ये कँडेथ यांनी कारभार नायब राज्यपाल शिवशंकर यांच्या हाती सोपवला. शरणागती पत्करून माणसं वाचवणाऱ्या वासालो इ सिल्वांना मायदेशी मिळाली ती बडतर्फी.