रस्त्यावरची मोटार आणि विजेची जोडणी



विजेवर चालणाऱ्या मोटारीची चर्चा आता घरोघर होऊ लागली आहे. परंतु या चर्चेत एक साधा प्रश्न बहुधा मागे पडतो. ज्याची गाडी रात्री रस्त्याच्या कडेला उभी राहते, त्याने ती चार्ज कोठे करावी? गिरगावच्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या अनेकांस स्वतःचे आवार नसते. दुसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडणे पावसाळ्यात जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्राच्या 2021 च्या विद्युत वाहन धोरणाने नव्या निवासी इमारतींत किमान 20 टक्के वाहनतळ चार्जिंगयोग्य असावेत, असे ठरविले. हे पाऊल स्वागतार्हच होय. तथापि जेथे मुळात वाहनतळच नाही, तेथे हा नियम पोहोचत नाही.

वस्तुतः गरज आपण समजतो तेवढी मोठी नाही. दिवसाला 40 किलोमीटर धावणाऱ्या लहान मोटारीस सुमारे 6 युनिट वीज लागते. 15 अँपिअरच्या प्लगमधून ती दोन-अडीच तासांत मिळते; गाडी तर रात्रभर उभीच असते. उणीव आहे ती गाडीजवळच्या सुरक्षित जोडणीची.

लंडनमध्ये सदरलँड अव्हेन्यू या रस्त्यावरील 24 दिव्याच्या खांबांवर 2020 साली अशी सोय करण्यात आली. एलईडी दिव्यांना वीज कमी लागते. त्यामुळे शिल्लक राहणारी क्षमता मोटारींच्या कामी येऊ शकते. मात्र त्याच देशात 2024 साली घरगुती विजेवर 5 टक्के, तर सार्वजनिक चार्जिंगवर 20 टक्के कर होता. म्हणजे ज्याला अंगण नाही, त्यालाच अधिक भुर्दंड! ही विषमता आपण वेळीच टाळली पाहिजे.

आपल्याकडील खांब जसेच्या तसे वापरता येतील, असे नाही. वायरची क्षमता, अर्थिंग, पावसाचे पाणी आणि पादचाऱ्यांची वाट, हे सारे आधी तपासावे लागेल. परंतु शाळा, बाजार व कार्यालये यांची आवारे रात्री रिकामी असतात. चार्जिंग केंद्रास वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्र शासनाने 2018 मध्येच स्पष्ट केले. तेव्हा स्थानिक संस्थांनी आणि वस्तीतील नागरिकांनी एकत्र बसून अशा जागा हेराव्यात.

स्वच्छ हवा सर्वांची आहे. तिच्याकडे नेणारे वाहनही केवळ आवार असलेल्यांची मिरास ठरू नये, एवढीच विनंती.