मिशनचा कारभार बाईच्या हाती

(नांदेड आणि लातूर इथल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेलं भाषण)



आपल्याकडून पुण्याला जाणारी गाडी दौंड सोडली की केडगाववरून जाते. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शाळेच्या पुस्तकात बाई 'विदुषी' म्हणून भेटतात. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या, हे एका ओळीत उरकतात. पण ख्रिस्ती झाल्यावर बाईंनी मिशनवाल्यांचं काय केलं? ते कुणी सांगत नाही. मला तेच सांगायचंय.

बाईंचा जन्म १८५८ चा, ब्राह्मण घरातला. संस्कृत तोंडपाठ. १८८० साली त्यांनी शूद्र मानलेल्या जातीतल्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षांत विधवा झाल्या. इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाद्र्यांना वाटलं, चला, एक ब्राह्मणीण हाती लागली. कसली हाती लागते! पुरुषांना शिकवू नका, असं बिशप म्हणाले. बाईंनी उलट सुनावलं, भटांच्या तावडीतून सुटले ती तुमचं जू मानेवर घ्यायला नव्हे. इकडं पुण्याची सनातनी मंडळी शिव्या देत होती, तेव्हा बाईंची बाजू कुणी घेतली? आपल्या जोतीरावांनी. १८८५ साली 'सत्सार' काढून उघड घेतली.

पुढं बाई अमेरिकेत गेल्या, पैसा उभा केला आणि १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं. इथं आपण डोळे उघडे ठेवायला पाहिजेत. हे सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. तिथं सोवळं पाळायची मुभा होती. महार-मांगाच्या पोरीला तिथं जागा नव्हती.

ही भिंत व्याख्यानानं पडली नाही, दुष्काळानं पडली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ पोरी घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. भुकेला जात विचारून चालत नाही. केडगावात दीड-दोन हजार बाया-पोरी झाल्या. शेती बायांची, विणकाम बायांचं, छापखानाही बायांचाच. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल करायचं काम १९२२ साली मरेपर्यंत बाईंनी सोडलं नाही.

१९०५ साली केडगावात प्रार्थनेची मोठी लाट उठली. पोरी टोळ्या करून गावोगाव प्रचाराला निघाल्या. तोवर मिशन म्हणजे गोरा साहेब बोलणार आणि काळा माणूस ऐकणार. इथं काल दुष्काळात मरायला टेकलेली पोर आज उभी राहून बोलत होती. केडगावात काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईनं १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ती दक्षिण अमेरिकेत चिलीला तिच्या मैत्रिणीच्या हाती पडली. १९०९ साली तिथं गोरगरिबांची नवी चर्च-चळवळ उभी राहिली. त्याच सुमाराला, १९०६ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये विल्यम सेमूर हा गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला काळा उपदेशक तशीच लाट उठवत होता. ती केडगावच्या एक वर्ष नंतरची. म्हणजे मिशनचं वारं नेहमी गोऱ्यांकडूनच इकडं वाहत होतं, हे खोटं आहे.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच राज्यात, गुलबर्ग्याला, १९१२ च्या सुमाराला बाईंनी शाळा काढली. मुलगी मनोरमा तिथं मुख्य होती. म्हणजे बाईंचा हात आपल्या शिवेपर्यंत पोचला होता.

मग प्रश्न असा की एवढं होऊन जात का मेली नाही? कारण मिशननं माणूस वाचवला, पण गावाची रचना हलवली नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला तोंडावर हेच सांगितलं, की सामाजिक अन्याय काढायला तुम्ही कधी लढला नाहीत. दया वेगळी, हक्क वेगळा. दयेनं भाकरी मिळते. पाणवठा मिळत नाही, जमीन मिळत नाही. आणि सरकार? १९५० च्या हुकमानं अनुसूचित जात म्हणजे हिंदूच, असं ठरवलं. शिखांना १९५६ ला घेतलं. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबवलं. ख्रिस्ती झालेला मांग-महार अजून बाहेरच आहे. देव बदलला तरी वेस बदलत नाही, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी त्याच्या घरी जाऊन बघावं. त्याची लढाई आपलीच आहे. धर्म वेगळा म्हणून त्याला परका करू नका.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. रमाबाईंनी पैसा, जमीन, छापखाना, शाळा, प्रचार सगळं बायांच्या हाती दिलं, म्हणून मिशनला त्यांचं ऐकावं लागलं. नुसत्या भक्तीनं कुणी ऐकलं नसतं. आणि त्यांच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे 'ज्ञानोदया'त विचारून गेली, आम्हाला वेदाचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता? मांगाची पोर होती ती.

आता आपल्या शाखांकडे बघा. मोर्च्यात बाया पुढं, लाठी खायला बाया पुढं. आणि निधीची वही कुणाकडं? अंक कोण काढतं? ठराव कोण मांडतं? सभेत चहा कोण करतं, तेही एकदा बघा.

पुढच्या बैठकीआधी प्रत्येक शाखेनं हिशेबाची वही आणि अंकाचं संपादन एकेका बहिणीच्या हाती द्यावं, असा माझा ठराव आहे. विरोध असेल तर आत्ता, इथं बोला.

जय भीम.