बाबा यागाला काय विचारायचं नाही

हेडफोन लावलेत? आज जंगलात जायचंय. रशियातल्या गोष्टींमधलं दाट जंगल, आणि मधोमध एक घर. घराला पाया नाही, कोंबडीचे पाय आहेत. भोवती माणसांच्या हाडांचं कुंपण. आत राहते बाबा यागा. उखळात बसून उडते, मुसळानं उखळ हाकते आणि मागे झाडूनं स्वतःचा माग पुसत जाते. उखळ, मुसळ, झाडू. म्हणजे सगळं स्वयंपाकघरच घेऊन निघालेली बाई!

'स्लाव फँटसी' म्हटलं की तुमच्यातल्या बऱ्याच जणांना 'विचर' आठवेल. गेम, सिरीज, मीम्स सगळं आहेच. पण त्याची सुरुवात झाली आंजेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या 1986 सालच्या एका कथेनं, 'फांतास्तिका' नावाच्या मासिकात. त्यात शापित राजकन्या रात्री शवपेटीतून उठून माणसं खाते. गेराल्टकडे तलवार आहे, पण तो तिला मारत नाही. कोंबडा आरवेपर्यंत तिला शवपेटीत परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला साधायचं असतं. म्हणून तो स्वतःच तिच्या पेटीत जाऊन झोपतो. आणि हो, कामाचे पैसे आधी ठरवून घेतो.

माझ्या मते या साहित्याची खरी मजा इथे आहे. समोरच्या भुताशी कसं वागायचं याचे नियम असतात. ते पाळले तर वाचाल, नाहीतर कुंपणावर तुमचीही कवटी लागेल.

आता मूळ गोष्ट. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी 1855 ते 1863 या काळात रशियन लोककथांचा मोठा संग्रह छापला. त्यात सुंदर वासिलिसाची गोष्ट आहे. आई मरताना तिला एक छोटी बाहुली देते. बाहुलीला खाऊ घालायचं, आपलं दुःख सांगायचं, की ती मदत करते. पुढे सावत्र बहिणी वासिलिसाला विस्तव आणायला बाबा यागाकडे पाठवतात. ती कामं सांगते: अंगण झाड, जेवण कर, खसखशीत मिसळलेली माती दाणा दाणा निवडून काढ. नाही जमलं तर खाईन तुला! बाहुली निवडते सगळं.

मग येतो माझा सगळ्यात आवडता भाग. म्हातारी म्हणते, विचार काय विचारायचंय ते, पण फार जाणून घेणारं माणूस लवकर म्हातारं होतं हं. वासिलिसा वाटेत दिसलेल्या तीन घोडेस्वारांबद्दल विचारते. पांढरा म्हणजे उजाडणारा दिवस, लाल म्हणजे सूर्य, काळा म्हणजे रात्र. घरात तिनं हातांच्या तीन जोड्याही पाहिल्यात. नुसते हात, शरीर नाही, आणि धान्य उचलून नेतायत! त्याबद्दल ती एक शब्द काढत नाही. म्हातारी खूश. बाहेरचं विचारलंस, घरातलं नाही, बरं केलंस.

मग म्हातारी विचारते, तुला एवढं काम जमलं कसं? वासिलिसा सांगते, आईच्या आशीर्वादानं. बाहुली तशीच खिशात. म्हणजे बघा, दोघींनी आपापलं गुपित राखलं. वयानं, ताकदीनं एवढा फरक, तरी त्या क्षणी दोघी बरोबरीच्या. आशीर्वाद असलेली पोर मला घरात नको म्हणत यागा तिला हाकलते, पण पेटत्या डोळ्यांची कवटी देऊनच. त्या आगीत सावत्र आई आणि बहिणी जळून राख. सौम्य गोष्ट नाही ही.

हे नियम गेले की मागे सजावट उरते. ली बार्डुगोची 'शॅडो अँड बोन' (2012) वेगानं वाचून होते, मला आवडते. पण तिथे लोक क्वास पिऊन झिंगतात. क्वास म्हणजे ब्रेड आंबवून केलेलं पेय, त्यात दारू जवळपास नसतेच. नायिकेचं आडनावही स्तार्कोव्ह, मुलीला ते स्तार्कोव्हा हवं. वाचक यावर रागावले, आणि मला तो राग पटतो. कुणाचं घर वापरायचं तर चूल कुठेय एवढं तरी माहीत असावं.

याउलट कॅथरिन आर्डनची 'द बेअर अँड द नाइटिंगेल' (2017). आर्डन अमेरिकन आहे, पण रशियन शिकलेली. कथा चौदाव्या शतकातल्या रशियातली. प्रत्येक घरात भट्टीमागे दोमोवोय राहतो, घर राखणारा बुटका म्हातारा. त्याला भाकरीचा तुकडा ठेवायचा, एवढीच अट. मग गावात एक देखणा पाद्री येतो, लोकांना घाबरवतो, आणि ते नैवेद्य बंद होतात. दोमोवोय झिजत जातो. नंतर गावातली मेलेली माणसं उठायला लागतात. वास्या नावाची मुलगी चोरून भाकरी ठेवत राहते, आणि गाव तिलाच चेटकीण म्हणतं. भूत राहिलं बाजूला, माणसांचीच भीती वाटायला लागते.

नाओमी नोविकच्या 'अप्रूटेड'मध्ये (2015) तर बाबा यागा येतच नाही, फक्त तिची जुनी वही सापडते. शिकलेल्या जादूगाराला ती निरुपयोगी वाटते. रानात बोरं वेचणाऱ्या आग्नेश्काला मात्र त्यातले मंत्र गुणगुणून जमतात.

सुरुवात कुठून करायची, विचाराल. वासिलिसापासून करा, दहा मिनिटांत वाचून होईल. मग आर्डन. पुढच्या भागात कोश्चेय, ज्याचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात आणि बदक सशात लपवलेलं असतं. भेटूच!