७८ अंश उत्तरेवरचा उन्हाळा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परत आल्यापासून लिफ्टमध्ये मला दोनच प्रश्न विचारले जातात : थंडी किती होती, आणि पांढरं अस्वल दिसलं का? आधी त्यांची उत्तरं देऊन टाकते. जुलैत तिथे साधारण सहा-सात अंश तापमान असतं, म्हणजे आपल्या फ्रिजइतकं. अस्वल काही दिसलं नाही, देवाची कृपा!

मी गेले होते स्वालबार्डला. नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून बरंच उत्तरेला असलेला हा बेटांचा समूह. तिथलं मुख्य गाव लाँगिअरब्येन. वस्ती जेमतेम अडीच हजार, पण माणसं पन्नासहून जास्त देशांची. १९९३ साली तिथे विद्यापीठ केंद्र सुरू झालं. उन्हाळी अभ्यासक्रमांना जगभरातून विद्यार्थी येतात. वर्ग थोडे, माळरान तुडवणं जास्त. गावाबाहेर पडायचं तर अस्वलाच्या धोक्यामुळे गटाबरोबर बंदूक लागते. ती कशी हाताळायची हे आधी शिकवतात. आईला हे मी परत आल्यावर सांगितलं. (हशा)

एप्रिलच्या २० तारखेच्या सुमारास तिथे सूर्य मावळायचा थांबतो, तो २२ ऑगस्टच्या आसपासपर्यंत. रात्री अकरा वाजता लख्ख उन्हात बसून मी मेतकूट-भात खाल्लाय. आणि एक गोष्ट अगदी घरच्यासारखी : तिथे हॉटेलातसुद्धा दारात बूट काढून आत जातात. कोळशाच्या खाणीतून येणाऱ्या कामगारांच्या बुटांची काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही पद्धत.

आता मुख्य विषय. तिथली जमीन खोलवर गोठलेली असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. घरं लाकडी खांबांवर उभी असतात. आपल्याकडे स्टिल्टमध्ये गाड्या लावतात. तिथे ती मोकळी जागा गार हवा खेळण्यासाठी. घराची ऊब जमिनीला लागली, तर जमीन मऊ होईल आणि घर खचेल. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइपही बरेचसे जमिनीवरूनच नेलेले दिसतात.

आमचं काम होतं हा वितळणारा थर मोजण्याचं. गावाजवळच्या आडव्हेंट खोऱ्यात १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद असा चौकोन आखलेला आहे. त्यात दर दहा मीटरवर एक, असे १२१ बिंदू. प्रत्येक ठिकाणी लोखंडी सळई जमिनीत दाबायची, खाली गोठलेल्या थराला ‘टक्’ करून अडली की खोली वाचायची आणि वहीत लिहायची. उन्हाळा संपेपर्यंत ही खोली साधारण एक मीटरपर्यंत जाते. वारा, चिखल, गारठलेली बोटं आणि १२१ वेळा तेच!

मी आमच्या शिक्षिकेला विचारलं, दहा-वीस ठिकाणी मोजून भागणार नाही का? त्यांनी जुने तक्ते समोर ठेवले. हा चौकोन २००० सालापासून मोजला जातोय. म्हणजे आपल्या सोसायटीच्याच वयाचा! विद्यार्थी दर वर्षी बदलतात, बिंदू बदलत नाहीत. एका उन्हाळ्याचा आकडा फारसं काही सांगत नाही. एखादं वर्ष गरम, एखादं थंड. पंचवीस वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मग जमीन बोलायला लागते. त्याच खोऱ्यात पुढे यान्सनहाउगेनला १९९८ साली १०२ मीटर खोल भोक पाडून आत तापमापक बसवले आहेत. तिथेही गोठलेली जमीन हळूहळू तापताना दिसते आहे. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला आहे.

ही फक्त शास्त्रज्ञांची काळजी नाही. जगभरच्या पिकांचं बियाणं जपणारी तिजोरी २००८ साली तिथल्याच डोंगरात सुरू झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये अवेळी उबदार हवा आणि मुसळधार पाऊस आला आणि तिच्या प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाणं सुखरूप राहिलं, पण बोगदा नव्यानं बांधावा लागला.

इथल्या मुलांसाठी एक सांगते. स्वालबार्डमध्येच न्यू-ओलेसुंड इथे २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, आणि त्याचा कारभार आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून चालतो. तेव्हा वाट अगदीच अनोळखी नाही.

शेवटी समितीला एक विनंती. आपल्या बोअरवेलचं पाणी कुठे गेलं, यावर दर मे महिन्यात मीटिंगमध्ये वाद होतो. काका म्हणतात पूर्वी भरपूर होतं, काकू म्हणतात कधीच नव्हतं. पंचवीस वर्षांच्या मिनिट-बुकात ठराव आहेत, पाण्याची पातळी कुठेच नाही. दोरीला वजन बांधून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरलेल्या तारखेला ती मोजू या. वही मी आणली आहे. मुलांपैकी कोण कोण येणार, त्यांनी कार्यक्रमानंतर नावं द्यावीत.