कधींहि न झालेली सम्राज्ञी

इ. स. १८८१ मध्यें जपानच्या सरकारनें एक येनची नवी नोट काढली. तिच्यावर सम्राज्ञी जिंगू हिचें चित्र होतें आणि तें कोरणारा कारागीर होता एदोआर्दो किओस्सोने नांवाचा इटालियन. साहजिकच जपानच्या या प्राचीन वीरांगनेचे नाकडोळे एखाद्या युरोपीय सुंदरीसारखे उतरले. तरी त्यांत चूक दाखविणें कोणाला शक्य नव्हतें. कारण जिंगूला पाहिलेला माणूस कधीं झालाच नाहीं. आज बहुतेक इतिहासकार तिला कल्पित व्यक्ति मानतात.

तिची कथा जपानच्या दोन सर्वांत जुन्या ग्रंथांत आहे. इ. स. ७१२ मधील कोजिकि हा एक आणि इ. स. ७२० मधील निहोन शोकि हा दुसरा. जिंगू ही चौदावा सम्राट् चूआइ याची राणी. क्यूशू बेटावर मुक्काम असतां सम्राट् एकदां कोतो हें तंतुवाद्य वाजवीत बसला होता. राणीच्या अंगांत दैवत संचारलें आणि बोलूं लागलें कीं, पश्चिमेस सोन्यारुप्यानें भरलेला एक देश आहे, तो तुला दिला आहे. सम्राट् म्हणाला, उंचावर चढून पाहिलें तर पश्चिमेस नुसता समुद्र दिसतो. हें दैवत खोटें बोलतें. त्यानें वाद्य दूर सारलें. दैवत कोपलें. मंत्री ताकेउचि याच्या आग्रहावरून त्यानें पुन्हां तारांना हात लावला खरा, पण थोड्याच वेळांत सूर थांबले. दिवा वर करून पाहतात तों सम्राट् गतप्राण झालेला! या कथेविषयीं शंका घेणाऱ्या पहिल्या माणसाची ही गत झाली. दुसऱ्या एकाची हकीकत पुढें येईल.

राणी गरोदर होती, तरी स्वारीची सिद्धता तिनें स्वतः केली. मात्सुरा येथें तिनें सुई वाकवून गळ केला, त्याला भाताचें शीत लावलें आणि आपल्या वस्त्राचा दोरा काढून तो नदींत सोडला. मासा लागला तर मोहीम सफल, असा कौल होता, मासा लागला. समुद्रांत केस भिजवितांच त्यांचे आपोआप दोन भाग झाले, तेव्हां तिनें ते पुरुषांप्रमाणें बांधले. प्रसूति लांबावी म्हणून कमरेला दगड बांधला. मग गलबतें निघालीं. समुद्रांतल्या लहानमोठ्या माशांनीं तीं पाठीवर घेतलीं, आणि त्यांच्याबरोबर उसळलेली लाट कोरियांतील सिल्ला राज्यांत खोलवर शिरली. तेथील राजा भयभीत होऊन शरण आला. एक तलवारहि उपसावी लागली नाहीं. परत आल्यावर तिला पुत्र झाला. तोच पुढचा सम्राट् ओजिन. त्याच्या वतीनें तिनें एकूणसत्तर वर्षें राज्य केलें आणि इ. स. २६९ मध्यें वयाच्या शंभराव्या वर्षीं ती वारली. मुलगा सत्तरीला टेकला तरी आईच कारभार पाहत होती, याचें ग्रंथकारांना कांहींच वाटलेलें दिसत नाहीं.

पण कालगणनेनें त्यांना दगा दिला. आपल्याकडे प्रभवादि साठ संवत्सरांचें चक्र आहे, तसेंच साठ वर्षांचें चक्र चीन, कोरिया व जपान या देशांतहि होतें. जिंगूच्या पंचावन्नाव्या वर्षीं, म्हणजे इ. स. २५५ मध्यें, पेक्चे या कोरियन राज्याचा एक राजा वारला असें निहोन शोकि सांगतें. कोरियाच्या इतिहासाप्रमाणें तो राजा वारला इ. स. ३७५ मध्यें. अंतर बरोबर एकशें वीस वर्षांचें, म्हणजे दोन चक्रांचें. कथानक दोन चक्रें मागें ओढण्याचें कारणहि ग्रंथांतच सांपडतें. चिनी बखरींत इ. स. २३९ मध्यें वकील पाठविणाऱ्या एका जपानी राणीचा उल्लेख आहे. तो उतारा ग्रंथकारांनीं जिंगूच्या चरित्रांत घालून दिला. त्या राणीचें खरें नांव हिमिको. ती अविवाहित होती, आणि तिच्या हातून कोरियावर स्वारी झाल्याचें त्या बखरींत कोठेंहि नाहीं.

मग ही स्वारी आली कोठून? पेक्चेचें राज्य इ. स. ६६० मध्यें बुडालें. त्याच्या साहाय्यासाठीं सम्राज्ञी साइमेइ ही वृद्ध स्त्री स्वतः क्यूशूला गेली आणि इ. स. ६६१ मध्यें तेथेंच वारली. दोन वर्षांनीं सिल्ला व चीन यांच्या संयुक्त सैन्यानें जपानी आरमाराचा दारुण पराभव केला. हा पराभव झाल्यावर सत्तावन्न वर्षांनीं निहोन शोकि पुरें झालें, तेंहि एका सम्राज्ञीच्याच कारकीर्दींत. जिंगूहि क्यूशूंतूनच निघते; पण ती मरत नाहीं, आणि सिल्ला आपण होऊन शरण येतें. साइमेइचें चरित्र डोळ्यांपुढें ठेवून जिंगूचें चरित्र रचलें गेलें, असें अनेक विद्वानांचें मत आहे. समुद्रानें गिळलेलीं गलबतें ग्रंथांत माशांच्या पाठीवरून सुखरूप परत आलीं.

राजदरबारीं एवढ्यानें समाधान झालें असतें तर गोष्ट निराळी होती. परंतु जपाननें इ. स. १९१० मध्यें कोरिया घशांत घातला, तेव्हां जिंगूच्या स्वारीचा धडा शाळेंतील मुलांना इतिहास म्हणून शिकविला जात होता. जो देश देवानेंच एकदां दिला, तो पुन्हां घेण्यांत कसला अन्याय? इ. स. १९२६ मध्यें सम्राटांच्या अधिकृत गणनेंतून तिला वगळण्यांत आलें. कथा मात्र तशीच चालूं राहिली.

त्सुदा सोकिचि या प्राध्यापकानें मूळ ग्रंथ ओळीओळीनें तपासून दाखविलें कीं, जिम्मूपासून चूआइपर्यंतच्या चौदा सम्राटांच्या व जिंगूच्या कथा दरबारानें मागाहून रचलेल्या आहेत. इ. स. १९४० मध्यें त्याचीं पुस्तकें जप्त झालीं, विद्यापीठ सोडावें लागलें, आणि राजघराण्याच्या अप्रतिष्ठेबद्दल त्याच्यावर व त्याच्या प्रकाशकावर खटला झाला. इ. स. १९४२ मध्यें त्याला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली, पण तिची अंमलबजावणी तहकूब ठेवली गेली. पुढें मुदतीच्या मुद्यावर खटलाच निकालांत निघाला. नवल असें कीं, हा मनुष्य राजघराण्याचा निस्सीम भक्त होता. युद्ध संपल्यावर सम्राट्पद राहावें म्हणून त्यानेंच लेखणी उचलली.

नारा शहराजवळ गोसाशि नांवाचें सुमारें पावणेतीनशें मीटर लांबीचें एक प्राचीन थडगें आहे. जपानचें राजगृहखातें तें जिंगूचें म्हणून जपतें. इ. स. २००८ मध्यें कांहीं संशोधकांना त्याच्या कुंपणाच्या आंत प्रथमच जाऊं देण्यांत आलें. फिरून पाहण्याची मुभा होती, खणण्याची नव्हती.