बिडीच्या कट्ट्यावरील चित्रें

चोरखमाऱ्याचें नांव आपण ऐकलें असेल तें नागझिऱ्याच्या अरण्यामुळें. त्या अरण्याच्या कडेला राहणारा मी एक निवृत्त शिक्षक. आज वाघाविषयीं बोलणार आहें. पण तो कागदावरचा.

आमच्या भागांत उन्हाळा लागला कीं तेंदूचीं पानें तोडावयाचीं, पुडे बांधावयाचे आणि पुढें घरोघर बिड्या वळावयाच्या, हा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. बिड्यांच्या कट्ट्याभोंवतीं रंगीत लेबल असे. त्यावर वाघ, घोडा, मोर. ज्यास अक्षर येत नाहीं त्यानेंहि आपली बिडी ओळखावी, हा हेतु.

1960 नंतरच्या त्या दिवसांत वडिलांच्या कट्ट्यांचीं लेबलें मी वहींत चिकटवीत असें. कट्टा लौकर संपावा म्हणून मीच त्यांना बिडी नि आगपेटी नेऊन देई. वडील हंसत, आईस तें रुचत नसे. त्यांचा खोकला मला ऐकूं येत नव्हता असें नाहीं. पण वहींत मोर नव्हता!

ही युक्ति साता समुद्रांपलीकडेहि चालली होती, हें मला फार उशिरां कळलें. सिगारेटच्या मऊ पाकिटास ताठपणा यावा म्हणून आंत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. 1886 च्या सुमारास अमेरिकेंत त्यावर बेसबॉल या चेंडूफळीसारख्या खेळांतील खेळाडूंच्या छबी येऊं लागल्या. इंग्लंडांत विल्स कंपनीनें 1896 सालीं पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढिला. संच पुरा करण्याच्या नादानें मुलें वाटेंत मोठ्या माणसांना अडवून चित्र मागत.

1909 ते 1911 या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें पांचशेंहून अधिक चित्रें काढिलीं. त्यांपैकीं होनस वॅग्नर या खेळाडूचें चित्र लौकरच बंद झालें. आपल्या छबीसाठीं मुलांनीं तंबाखू घ्यावी हें त्यास नको होतें, असें कांहीं म्हणतात. प्रश्न पैशाचा होता, असें दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळी, म्हणून दुसरा पक्ष वजनदार दिसतो खरा. मला मात्र पहिलाच पटतो. वडिलांनीं मला बिडीला कधीं ओठ लावूं दिला नाहीं. असो. त्या चित्राची एक प्रत 2022 सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकली गेली.

आपल्याकडे 2003 च्या कायद्यानें तंबाखूच्या जाहिरातींस बंदी आली आणि 2009 पासून वेष्टनावर धोक्याचें चित्र आलें. तें गोळा करणारें मूल मीं पाहिलें नाहीं.

माझी वही अजून आहे. मोर अखेरीस मिळाला. त्यासाठीं वडिलांनीं आपली नेहमींची बिडी सोडून महिनाभर दुसरी, अधिक कडक बिडी ओढली.