कक्ष क्रमांक, माहीत असल्यास



मी इंग्रजीचा शिक्षक. आधी धानोऱ्यात, मग गडचिरोलीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर ग्रामसभांना इंग्रजी कागद वाचून दाखवण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. त्या कागदांनी मला माझाच विषय पुन्हा शिकवला. आज मी बोलणार आहे ते जागेसाठीच्या इंग्रजी शब्दांबद्दल. विषय व्याकरणाचा वाटेल, पण गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन जिल्ह्यांत तो जमिनीचा आहे.

वर्गात मी सांगायचो, प्लेस म्हणजे जागा, साइट म्हणजे जागा, लोकेशन म्हणजे ठिकाण, स्पॉट म्हणजेही जागाच. मुलं लिहून घ्यायची. पाठांतराला ते सोपं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. प्लेस हा शब्द मुळात ग्रीक. त्याचा अर्थ रुंद रस्ता, जिथे माणसं भेटतात. म्हणून प्लेसमध्ये माणसाचा वावर असतो. साइट म्हणजे जिथे काही व्हायचं आहे किंवा होऊन गेलं आहे ती जागा. धरणाची साइट, अपघाताची साइट. तिथलं काम महत्त्वाचं, जागा त्या कामापुरती. लोकेशन दुरून दिसतं, नकाशावर. आणि स्पॉट म्हणजे ठिपका.

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर डोळ्यांपुढे आणा. दर जानेवारीत तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. यात्रेला येणाऱ्यांसाठी तो प्लेस आहे. खाणीच्या कागदात तीच साइट होते. डोंगर एकच. पण मराठी तर्जुम्यात दोन्हीकडे ‘जागा’ किंवा ‘स्थळ’ येतं आणि वाचणाऱ्याला कळतच नाही की बोलणारा कुठे उभा राहून बोलतो आहे. मला याचं दुःख वाटतं ते केवळ शब्द चुकला म्हणून नाही. सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो हे अर्धंच कळतं.

ठेवण्याच्या क्रियापदांचंही असंच आहे. पुट म्हणजे नुसतं ठेवणं. प्लेस म्हणजे विचार करून, नेमकं जिथे हवं तिथे ठेवणं. ले म्हणजे आडवं ठेवणं. रूळ, पाया, अंडं, सगळ्यांना तेच क्रियापद. सेट म्हणजे हलणार नाही असं बसवणं. मोडलेलं हाड बसवतात तसं. मुलांना मी म्हणायचो, आपल्याकडे हे भेद नाहीत. फार चुकीचं बोलत होतो. आपण मोहफुलांची टोपली टेकवतो, धानाची गंजी रचतो, मांडवाचा खांब रोवतो, देव बसवतो, पोतं टाकतो. ‘ठेवणे’ एवढं एकच क्रियापद मी फळ्यावर लिहिलं, बाकीची मुलांच्या घरी रोज बोलली जात होती.

त्याच बसवण्याच्या कुळातला शब्द सेटलमेंट. त्याचा एक अर्थ वस्ती. दुसरा अर्थ, जमिनीवर कोणाचा काय हक्क याचा कायमचा निकाल. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगल ठरवताना हा दुसरा अर्थ चालतो, आणि हे काम ज्याच्याकडे, त्याला आपण वन जमाबंदी अधिकारी म्हणतो. याच कायद्यात एक फार चांगली गोष्ट आहे. राखीव जंगलाची पहिली अधिसूचना काढताना त्याची हद्द रस्ते, नद्या, डोंगरधारा अशा सर्वांना समजणाऱ्या खुणांनी सांगितली तरी पुरे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. सरकारला ती मुभा होती. गावकरी जेव्हा आपली हद्द नाल्याने आणि डोंगराने सांगतो, तेव्हा मात्र आपण त्याला नंबर विचारतो.

वनखात्याचे शब्द पाहा. रेंज म्हणजे फिरण्याचा टापू. बीट म्हणजे पहारेकऱ्याची ठरलेली फेरी. म्हणजे जंगलाचे हे तुकडे रखवालदाराच्या पायांनी मोजलेले आहेत. त्यांचं परिक्षेत्र, नियतक्षेत्र झालं तेव्हा ते पाय पुसले गेले. कंपार्टमेंटचा ‘कक्ष’ झाला. कक्ष म्हणजे खोली. ज्या जंगलात प्रत्येक ओढ्याला, प्रत्येक कड्याला गोंडी नाव आहे, ते कागदावर क्रमांक घातलेल्या खोल्यांचं झालं.

सर्वांत अवघड शब्द हॅबिटॅट. २००६ च्या वनहक्क कायद्यात अतिअसुरक्षित आदिवासी समूहांना त्यांच्या हॅबिटॅटवर हक्क दिला आहे. महाराष्ट्रात असे समूह तीन: कातकरी, कोलाम आणि आपल्या भामरागडकडचे माडिया गोंड. त्या कायद्यात हॅबिटॅट आणि हॅबिटेशन हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. हॅबिटेशन म्हणजे राहतं घर, वस्ती. हॅबिटॅट म्हणजे समूह पिढ्यान्‌पिढ्या ज्यात जगतो तो सगळा परिसर, शेत, शिकार, देव, नदी, मेलेल्यांच्या शिळांसकट. ताडोब्याचा ६२५.८२ चौरस किलोमीटरचा गाभा हाही कायद्याने हॅबिटॅटच, वाघाचा. मराठीत दोन्हींना आपण अधिवास म्हणतो. आणि तहसीलमध्ये विद्यार्थी जो दाखला काढतो, तोही अधिवासाचा! त्यामुळे भामरागडकडे एका बैठकीत एक तरुण उठून मला म्हणाला, “सर, अधिवास तर माझ्याकडे आहे जी, मागच्या वर्षीच काढला.” त्याने खिशातून दाखला काढला. कोणी हसलं नाही. त्या दिवशी आम्ही दोन तास फक्त या एका शब्दावर बसलो.

आता आपल्याकडचे शब्द. मौजा, टोला, चक, तुकुम, रीठ. तलाव बांधणाऱ्याला गोंड राजांनी दिलेली जमीन ती तुकुम, असं जुनी माणसं सांगतात. चंद्रपुरात त्या नावाची वस्ती आहे, बसने जाताना आपण ते नाव उच्चारतो. आणि रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. जनगणनेच्या इंग्रजीत त्याला निर्जन गाव म्हणतात, म्हणजे आज तिथे कोणी नाही. फारसीतून आलेला महसुली शब्द बेचिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही. त्यातूनच आपला बेचिराख झाला. रीठ मात्र सांगतो की इथे गाव होतं.

आता पुन्हा कागदाकडे येऊ. वनहक्काच्या सामूहिक वनस्रोताच्या नमुन्यात हद्दीचा नकाशा मागतात, लगतची गावं विचारतात, आणि कक्ष क्रमांकापुढे लिहिलं आहे, असल्यास व माहीत असल्यास. ही दोन अटींची सवलत मोठी आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी ग्रामसभा आपली हद्द स्वतः चालून लिहीत आल्या आहेत.

अशाच एका दाव्याचा कागद मी लिहीत होतो. लगतची गावं विचारली. एका म्हाताऱ्या काकांनी उत्तर, दक्षिण, पश्चिम सांगितलं. पूर्वेला म्हणाले, “तिकडे रीठ आहे.” मी पेन थांबवलं. म्हटलं, काका, तिथे तर कोणी राहत नाही, ते लगतचं गाव कसं लिहू? ते म्हणाले, “माणसं उठली जी. देव तिथंच आहे. आमी पेरणीच्या आधी जातो.”

मी गावाचं नाव लिहिलं. पुढे रीठ लिहिलं. खाली त्यांनी अंगठा उमटवला.